पत्ता नसलेल्यांचा इतिहास

शाळेत आपल्याला गडकिल्ल्यांचा इतिहास शिकवला. कुठल्या राजाने कुठं महाल बांधला ते आपण घोकलं. पण रात्री अंग टाकायला ज्याला जागा नव्हती, त्याचा इतिहास कुठल्या धड्यात आहे? मी सातवी शिकलेला जिनिंग मिलमधला कामगार. दिवस सरकीच्या धुरळ्यात जातो, रात्री हाती लागेल ते वाचतो. तसा हा इतिहास तुकड्यातुकड्यांनी सापडला. तो तुमच्यापुढे मांडतो.

माझं गाव पहूर, तालुका जामनेर. वाघूर नदी आमच्याकडे येते ती अजिंठ्याच्या लेण्यांना वळसा घालून. लोक तिथं चित्रं बघायला जातात, मी भिक्खूंच्या खोल्या बघतो. भिक्खू म्हणजे अनागारिक, घर नसलेला. पावसाचे महिने त्याने एका ठिकाणी राहावं, हा वर्षावासाचा नियम. त्यासाठी विहार कोरले. पाण्याला टाकी, आजारपणात सेवेला संघ. सोळाव्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याच्या दानाचा शिलालेख आहे. भिक्खूने घर आपखुशीने सोडलं होतं. आमच्या माणसाला ते गावाने सोडायला लावलं. हा फरक मी विसरत नाही. पण घर नसलेल्याला भिंतींसोबत पाणी, औषध आणि माणसं लागतात, हे दीड हजार वर्षांपूर्वी इथं ठाऊक होतं.

मग कोंडवाड्यांचा काळ आला. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जो भटकतो तो जन्मानेच चोर! पुढे या जमातींना सोलापुरासारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात वसवलं. सरकारने बेघराला दिलेलं पहिलं घर हे असं, हजेरीचं. तो कायदा १९५२ साली गेला. पण १९५९ साली मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा आला. त्यात पोटापाण्याचं साधन दिसत नाही आणि माणूस फिरतो आहे, एवढंही पुरे. धरा, न्यायालयापुढं उभं करा आणि एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात डांबा. आधीचं कुंपण तारेचं होतं, हे कलमाचं. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने २०१८ साली तिथल्यापुरती या कायद्याची मुख्य कलमं घटनाबाह्य ठरवली. त्याला साठाला एक कमी, एवढी वर्षं लागली.

कुणी म्हणेल, हा गरिबीचा प्रश्न आहे, जातीचा काय संबंध? त्याला बडोद्याला न्या. १९१७ साली बाबासाहेब परदेशातून शिकून तिथं नोकरीला गेले. दरबारची नोकरी होती, पदव्या होत्या, भाडं द्यायला पगार होता. खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत राहिले, तिथून लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढलं. दिवसभर शहरात फिरले, कुणी आसरा दिला नाही. जगातला एवढा शिकलेला माणूस त्या दिवशी बेघर होता. पैसा नव्हता म्हणून नाही. पुढे परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांत त्यांनी वर्षानुवर्षं काढली. ती चाळ १८९६ च्या प्लेगनंतर निघालेल्या सुधारणा ट्रस्टची. साथ श्रीमंताच्या दारापर्यंत पोचली तेव्हा कुठं सरकारला कामगाराची खोली आठवली!

आता १९८१. १३ जुलैला मुख्यमंत्री अंतुले यांनी जाहीर केलं की मुंबईच्या फूटपाथवरची माणसं उचलून त्यांच्या गावी धाडणार. भर पावसात झोपड्या मोडल्या. ओल्गा टेलिस या पत्रकार आणि फूटपाथवरची माणसं सर्वोच्च न्यायालयात गेली. १० जुलै १९८५ ला सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या खंडपीठाने निकाल दिला. त्या निकालात आपला एक माणूस आहे. संगमनेरचा, चपला शिवणारा, दिवसाला सात-आठ रुपये कमावणारा. गावातलं घर पडलं म्हणून १९६९ साली मुंबईला आला. बदली कामगार झाला, महिना ३५० रुपये. तुळशीवाडीच्या फूटपाथवर जागा मिळवायला तिथल्या गुंडाला ३०० दिले, बांबू आणि प्लॅस्टिकला ७०० गेले. करा हिशोब. जवळजवळ तीन महिन्यांचा पगार, कशासाठी, तर फूटपाथसाठी! आणि म्हणे हे फुकटे.

निकालाने दोन गोष्टी सांगितल्या. जगण्याच्या हक्कात रोजीरोटीचा हक्क येतो, ही एक. फूटपाथवर झोपडं ठेवायचा हक्क नाही, ही दुसरी. १९७६ च्या गणतीत ज्यांची नोंद होती त्यांना पर्यायी जागा द्या, पावसाळा संपेपर्यंत हात लावू नका, असंही सांगितलं. ज्याच्याकडे गणतीचा कागद होता तोच माणूस ठरला. बाकीच्यांचं काय?

इथं बायकांनी इतिहास केला. १९८५ साली स्पार्क या संस्थेने भायखळ्याच्या बाजूच्या फूटपाथवर सहा हजारांच्या आसपास कुटुंबं मोजली. त्यातूनच महिला मिलन उभं राहिलं. रोजच्या कमाईतून चार-आठ आणे बाजूला टाकायचे, साडी धरून घराची मापं काढायची, असं करत पुढे मानखुर्दला त्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. आधी मोजणी, मग बचत, मग मागणी. हा क्रम ध्यानात ठेवा.

आपल्या जळगावचं काय? नव्वदच्या दशकात नगरपालिकेने अकरा हजारांवर घरकुलांची योजना काढली. निम्मीसुद्धा पुरी झाली नाहीत. २००६ साली गुन्हा दाखल झाला. ३१ ऑगस्ट २०१९ ला धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी धरलं, त्यात माजी मंत्री होते आणि नगरसेवकही होते. शिक्षेवर अपिलं झाली. पण ज्यांच्या नावाने घरं निघाली ते अपील कुठं करणार?

बाहेरच्या जगाने काय शिकवलं तेही बघा. फिनलंडने २००८ पासून उलटा क्रम धरला. आधी नोकरी लागू दे, दारू सुटू दे, मग खोली, असं नाही. आधी भाडेचिठ्ठीवर खोली आणि मग हवी तेवढी सोबत. रात्रीचे निवारे मोडून त्यांच्या खोल्या केल्या आणि बेघरांची संख्या उतरली. आपल्याकडे तामिळनाडूत बॅनियन संस्थेने २०१५ पासून मनोरुग्णालयात वर्षानुवर्षं अडकलेल्या बायांना चार-पाच जणींच्या गटाने वस्तीतल्या साध्या भाड्याच्या घरात राहायला दिलं, सोबतीला मदतनीस बाई. मोठी इमारत लागली नाही. शेजार लागला.

आमच्या मिलमध्ये हंगामात सातपुड्याकडून बिऱ्हाडं येतात. कापसाच्या गंजीआड झोपतात. त्यातली एक बाई मला म्हणाली, "कार्डासाठी पत्ता इचारतात भो. पत्ता कोठून आनू?" सारा प्रश्न या एका वाक्यात आहे. घर नाही म्हणून पत्ता नाही, पत्ता नाही म्हणून रेशन नाही, आणि कागदावर तो माणूसच नाही.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानात लिहिलं होतं की एक लाख वस्तीमागे किमान शंभर जणांचा कायमचा निवारा हवा, बारा महिने, चोवीस तास. तिथून रेशन, दवाखाना, पेन्शन, शाळा जोडून द्यायची. जळगाव शहराची वस्ती २०११ च्या जनगणनेत साडेचार लाखांच्या वर होती. म्हणजे किमान चारशे जणांची सोय हवी. महाराष्ट्रात त्याच जनगणनेने दोन लाखांवर बेघर मोजले, आणि एका रात्रीत मोजलेला आकडा कमीच असतो.

म्हणून माझं म्हणणं असं. जयंतीच्या मिरवणुकीला आपण शंभर पोरं जमवतो. त्यातली वीस पोरं एका रात्री वह्या घेऊन स्टेशनवर, एस.टी. स्टँडवर, पुलाखाली जाऊ द्या. नाव, गाव, काम, आजार आणि कितवं वर्ष हे लिहून घ्या. हाकलायला आलोय असं त्यांना वाटू देऊ नका, आधी बसा, चहा घ्या. ती वही घेऊन महापालिकेत जा आणि विचारा, चारशेतले किती आत झोपतात? पाऊस लागायच्या आधी जा. फूटपाथवरच्या बायकांनी चार आण्यांवर जे केलं ते आपल्याला जमायला काय हरकत आहे?

जयभीम.