शाबान १४११ चा इराकी उठाव आणि परकीय सत्तांची भूमिका

१९९१ च्या आखाती युद्धाविषयी मराठीत आणि उर्दूत पुष्कळ लिहिले गेले आहे. कुवेतवरील आक्रमण, ‘डेझर्ट स्टॉर्म’ मोहीम आणि तेलाचे राजकारण हे विषय आता शालेय पाठ्यपुस्तकांपर्यंत पोहोचले आहेत. परंतु हे युद्ध थांबले त्याच आठवड्यात इराकी जनतेने सद्दाम हुसेन यांच्या हुकूमशाहीविरुद्ध जो उठाव केला, त्याचा उल्लेख बहुधा एखाद्या वाक्यात उरकला जातो. अठरापैकी चौदा प्रांतांत सरकारी सत्ता कोसळविणारा हा उठाव महिनाभरात चिरडला गेला. ज्या सत्तांनी या जनतेला उठण्याचे आवाहन केले होते, त्यांच्या फौजा त्या वेळी काही मैलांवर उभ्या होत्या. त्या स्वस्थ का राहिल्या, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. उपलब्ध माहितीवरून माझे मत असे झाले आहे की, या सत्तांना सद्दाम जायला हवा होता, पण तो जनतेच्या हातून जायला नको होता.

प्रथम नावाविषयी थोडे. हा उठाव हिजरी १४११ च्या शाबान महिन्यात सुरू झाला, म्हणून इराकमध्ये तो ‘इन्तिफाजा शाबानिया’ या नावाने ओळखला जातो. ‘इन्तिफाजा’ म्हणजे अंग झटकून उठणे. बगदादच्या सरकारने मात्र त्याला ‘गद्र व खियानतीचे पान’ असे नाव दिले आणि उठाव करणाऱ्यांना ‘गौगा’ म्हणजे हुल्लडबाज जमाव म्हटले. यातील ‘गद्र’ हा शब्द आपल्याला परका नाही. १८५७ च्या उठावाला आपल्याकडे जे ‘गदर’ म्हटले जाई, तोच हा शब्द. अरबीत त्याचा मूळ अर्थ विश्वासघात असा आहे. सत्ताधारी कोणताही असो, त्याचा शब्दकोश फारसा बदलत नाही.

आता घटनाक्रम पाहू. १७ जानेवारी १९९१ रोजी इराकवर हवाई हल्ले सुरू झाले. १५ फेब्रुवारीला बगदाद रेडिओने अटी घालून कुवेत सोडण्याची तयारी दाखविली. अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांनी ती फेटाळली आणि त्याच दिवशी सांगितले की, रक्तपात थांबविण्याचा आणखी एक मार्ग आहे. इराकी लष्कराने व इराकी जनतेने सूत्रे स्वतःच्या हाती घ्यावीत आणि सद्दामला बाजूला होण्यास भाग पाडावे. हे वाक्य त्यांनी त्या दिवशी दोन ठिकाणी उच्चारले: एकदा वॉशिंग्टनमध्ये आणि एकदा मॅसॅच्युसेट्समधील क्षेपणास्त्रांच्या कारखान्यातील कामगारांपुढे. म्हणजे ते चुकून तोंडातून निसटलेले वाक्य नव्हते. विमानांतून टाकलेल्या पत्रकांचा आशयही तोच होता. २४ फेब्रुवारीला जमिनीवरील लढाई सुरू झाली. त्याच दिवशी ‘स्वतंत्र इराकचा आवाज’ या नभोवाणी केंद्रावरून इराकींना उठावाची हाक देण्यात आली. हे केंद्र सौदी अरेबियातून, अमेरिकी गुप्तचर संस्थेच्या पैशावर चालत होते. हाक देणारे सलाह उमर अल-अली हे एकेकाळी बाथ पक्षाच्याच वरिष्ठ वर्तुळातील होते. येथे एक बारकावा लक्षात घेणे आवश्यक आहे. बुश यांच्या वाक्यात ‘लष्कर’ आधी होते आणि ‘जनता’ नंतर. ऐकणाऱ्या जनतेने मात्र स्वतःचे नाव ऐकले.

२८ फेब्रुवारीला युद्धबंदी झाली. कुवेतमधून पायी परतणारे पराभूत, उपाशी सैनिक बसऱ्यात पोहोचले. साद चौकात एका रणगाड्याने सद्दामच्या भव्य चित्रावर तोफ डागली आणि तेथून उठावाला तोंड फुटले, असे सांगितले जाते. पुढील काही दिवसांत नासिरिया, अमारा, समावा, दिवानिया, हिल्ला, नजफ आणि करबला ही शहरे सरकारच्या हातून गेली. उत्तरेत ५ मार्चला रानिया येथून कुर्दांचा उठाव सुरू झाला. सुलेमानिया, अर्बिल आणि अखेर किरकुक त्यांच्या ताब्यात आले.

या साऱ्याचे भवितव्य ठरले ते ३ मार्च रोजी, कुवेतच्या सीमेवरील सफवान येथे एका तंबूत. युद्धबंदीच्या अटी ठरविण्यासाठी एका बाजूला अमेरिकेचे जनरल नॉर्मन श्वार्झकॉफ व सौदी अरेबियाचे शहजादे खालिद बिन सुलतान, तर दुसऱ्या बाजूला इराकचे लेफ्टनंट जनरल सुलतान हाशिम अहमद बसले होते. कैद्यांची अदलाबदल, सुरुंगांचे नकाशे, फौजांमधील सीमारेषा असे विषय झाले. मग सुलतान हाशिम यांनी विनंती केली की, पूल आणि रस्ते उद्ध्वस्त झाल्यामुळे अधिकाऱ्यांची ने-आण करण्यासाठी हेलिकॉप्टर उडविण्याची मुभा मिळावी. श्वार्झकॉफ यांनी ती दिली. इराकी सेनापतीचा स्वतःचा विश्वास बसला नसावा. त्याने पुन्हा विचारले, सशस्त्र हेलिकॉप्टरही चालतील का? उत्तर होकारार्थी आले. अमेरिकी फौजा नाहीत त्या प्रदेशावर उडणाऱ्या कोणत्याही हेलिकॉप्टरवर गोळीबार होणार नाही, असे आश्वासन मिळाले. बसऱ्यातील उठावाला त्या वेळी अवघे दोनतीन दिवस झाले होते. याच हेलिकॉप्टरांनी पुढे नजफ व करबला या शहरांवर मारा केला. २७ मार्चला एका दूरचित्रवाणी मुलाखतीत श्वार्झकॉफ यांनी आपण फसविले गेलो, अशी कबुली दिली.

पण फसवणूक झाली असेल, तर ती दुरुस्त करण्यास वेळ होता. १३ मार्चला खुद्द बुश यांनी ओटावा येथे हेलिकॉप्टरांच्या वापराबद्दल इराकला इशारा दिला होता. २० आणि २२ मार्चला अमेरिकी लढाऊ विमानांनी इराकची दोन सुखोई विमाने पाडली, कारण पंख असलेल्या लढाऊ विमानांवर बंदी होती. हेलिकॉप्टरांना मात्र हात लागला नाही, आणि २६ मार्चला व्हाइट हाउसमधील बैठकीत ती तशीच उडू द्यावीत व इराकच्या अंतर्गत संघर्षात पडू नये, असे ठरले. म्हणजे सफवानला जी चूक म्हणता आली असती, ती तीन आठवड्यांनी धोरण बनली.

प्रत्यक्ष जमिनीवर काय घडत होते? दक्षिण इराकचा मोठा पट्टा त्या वेळी अमेरिकी फौजांच्या ताब्यात होता. उठावकऱ्यांनी इराकी लष्कराची जप्त केलेली हत्यारे मागितली. ती त्यांना मिळाली नाहीत. दारूगोळ्याची कोठारे अमेरिकी पथके उडवून देत होती. नासिरियाजवळील खमिसिया येथील कोठार ४ व १० मार्चला उडविण्यात आले. त्यात विषारी वायूचे अग्निबाण होते, हे अमेरिकी संरक्षण खात्याने १९९६ मध्ये मान्य केले.

या धोरणामागील कारणे शोधताना शेजारी राष्ट्रांकडे पाहावे लागते. दक्षिणेतील उठावकरी बहुसंख्येने शिया होते. इराणमधून मुहम्मद बाकिर अल-हकीम यांच्या संघटनेचे सशस्त्र लोक सीमा ओलांडून आले, काही ठिकाणी आयतुल्ला खोमेनींची चित्रे लागली. यामुळे वॉशिंग्टनला बसऱ्यात दुसरे तेहरान दिसू लागले. वास्तविक इराणने फौज पाठविली नाही. अध्यक्ष रफसंजानी यांनी सद्दामला पायउतार होण्यास सांगितले. आठ वर्षांच्या युद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या त्या देशाने त्यापुढे जाण्याचे टाळले. तुर्कस्तानला कुर्दांच्या स्वतंत्र राज्याची धास्ती होती, तरी तुर्गुत ओझाल यांच्या सरकारने मार्चमध्येच कुर्द प्रतिनिधींशी गुप्त बोलणी केली. सौदी अरेबियाचे नाव उठावाच्या विरोधकांत सर्रास घेतले जाते. अमेरिकी सिनेटच्या परराष्ट्र समितीसाठी त्याच वर्षी तयार झालेल्या अहवालात मात्र सौदी अधिकारी उठावकऱ्यांना मदत करण्यास अनुकूल होते, असे नमूद आहे. तेव्हा सगळा दोष रियाधच्या पदरात टाकणे सोयीचे असले तरी पुराव्याला धरून नाही. वॉशिंग्टनची अपेक्षा एखाद्या सेनापतीने सद्दामला दूर करावे आणि बाकीची राजवट, अर्थात इराणला थोपवून धरणारी राजवट, जशीच्या तशी राहावी अशी होती. उठाव सुरू होण्याच्या सुमारास जलाल तालबानी वॉशिंग्टनमध्ये होते, पण परराष्ट्र खात्याने त्यांची भेट घेतली नाही.

उठावकऱ्यांचे दोष झाकण्याचे कारण नाही. त्यांना एक नेतृत्व नव्हते. ताब्यात आलेल्या शहरांत बाथ पक्षाचे पदाधिकारी आणि गुप्त पोलीस चौकशीविना मारले गेले. नजफमध्ये वयोवृद्ध आयतुल्ला अबुल कासिम अल-खोई यांनी लूटमार करू नये, प्रेतांची विटंबना करू नये असे बजावले आणि व्यवस्थेसाठी एक समिती नेमली. मुंबई, हैदराबाद व लखनौ येथील कित्येक शिया कुटुंबे त्यांना आपले ‘मरजा’ मानीत. नजफ पडल्यावर त्यांना बगदादला नेऊन दूरचित्रवाणीवर सद्दामसमोर बसविण्यात आले. ऑगस्ट १९९२ मध्ये नजरकैदेतच त्यांचे निधन झाले. करबलात हजरत इमाम हुसेन (रजि.) आणि हजरत अब्बास (रजि.) यांच्या रौजांवर तोफा डागल्या गेल्या; तेथे आश्रय घेतलेल्यांची गणती कोणी ठेवली नाही. दक्षिणेतील एकूण मृतांचे अंदाज काही दशसहस्रांपासून एक लाखापर्यंत आहेत.

उत्तरेत चित्र वेगळे झाले. मार्चअखेर किरकुक पडताच कुर्द जनता डोंगरांकडे पळाली. दहा लाखांहून अधिक लोक इराणमध्ये गेले. तुर्कस्तानने सीमा रोखून धरल्याने चारपाच लाख लोक बर्फात अडकले. तेथे पत्रकार आणि कॅमेरे होते. ५ एप्रिलला सुरक्षा परिषदेने ठराव ६८८ संमत करून या दडपशाहीचा निषेध केला. बाजूने दहा मते पडली; क्यूबा, येमेन व झिंबाब्वे विरोधात होते; चीन आणि भारत तटस्थ राहिले. त्या वेळी दिल्लीत चंद्रशेखर यांचे काळजीवाहू सरकार होते. दुसऱ्या देशाच्या अंतर्गत कारभारात परिषदेने हात घालू नये, ही भारताची जुनी भूमिका होती, आणि काश्मीरचा विचार करता ती समजण्यासारखी आहे. पण याच सरकारने जानेवारीत अमेरिकी लष्करी विमानांना मुंबई, मद्रास व आग्रा येथे इंधन भरू दिले होते आणि काँग्रेसच्या विरोधामुळे फेब्रुवारीत ती सवलत बंद केली होती. युद्धाला इंधन मिळाले, युद्धानंतर मारल्या जाणाऱ्यांना मत मिळाले नाही, असा हा हिशेब आहे.

भारतीय मुस्लिम समाजाचाही येथे विचार व्हायला हवा. १९९०-९१ मध्ये जन्मलेल्या कितीतरी मुलांचे नाव सद्दाम ठेवले गेले. महाविद्यालयात शिकविणाऱ्या कोणालाही हजेरीपटात ते आढळले असेल. अमेरिकेविरुद्ध उभा राहिलेला माणूस म्हणून हे कौतुक होते आणि त्यामागे पॅलेस्टाईनची वेदना होती, हे खरे. पण त्याच महिन्यांत, त्याच माणसाच्या हुकुमाने करबलात मारले जाणारेही मुसलमानच होते. अमेरिका की सद्दाम, एवढाच प्रश्न विचारला गेल्यामुळे तिसरा पक्ष, म्हणजे इराकी जनता, आपल्या चर्चेत आलीच नाही. या बाबतीत आपले आणि वॉशिंग्टनचे वर्तन फारसे वेगळे नव्हते.

उत्तरेतील कुर्दांना एप्रिलमध्ये संरक्षित क्षेत्र मिळाले. दक्षिणेत विमानबंदी लागू झाली ती २७ ऑगस्ट १९९२ रोजी, दीड वर्षाने. तीतही जमिनीवरच्या रणगाड्यांना अटकाव नव्हता. तीस हजारांहून अधिक इराकी सौदी वाळवंटातील रफहा छावणीत वर्षानुवर्षे पडून राहिले. २००३ च्या वसंतात अमेरिकी फौजा पुन्हा आल्या, तेव्हा दक्षिणेतील शहरे लगेच उठली नाहीत. सद्दाम खरोखर गेला याची खात्री होईपर्यंत लोक दारे लावून बसले. त्याच वर्षी मे महिन्यात हिल्लाजवळ महाविल येथे सामूहिक कबरी उघडल्या गेल्या आणि दोन हजारांहून अधिक अवशेष निघाले.

२ डिसेंबर २००८ रोजी बगदादच्या विशेष न्यायालयाने उठाव चिरडल्याबद्दल अली हसन अल-मजीद याला फाशीची शिक्षा सुनावली. अन्य आरोपींत सफवानच्या तंबूत हेलिकॉप्टर मागणारे सुलतान हाशिम अहमदही होते. त्यांना या खटल्यात कारावास झाला. जुलै २०२० मध्ये ते नासिरियाच्या तुरुंगात मरण पावले.