निर्वासित पुरुष डॉक्टरकडे का जात नाही?

सीरिया, अफगाणिस्तान, इराकमधून जर्मनीत आलेल्या पुरुषांबद्दल एक मत सर्रास ऐकू येते. हे लोक दुखणे अंगावर काढतात, मन आजारी पडले हे कबूल करण्यात त्यांना कमीपणा वाटतो. म्हणजे सेवा आहेतच, घेणाराच संकोची.

हा पूर्वपक्ष अगदीच निराधार नाही. लाज असते. पण ती जर्मन पुरुषालाही असते; प्रतिबंधक तपासण्यांना तिथले पुरुषही बायकांपेक्षा कमीच जातात. तेव्हा निर्वासिताचे संस्कार तपासण्याआधी कायदा वाचावा.

1993 च्या आश्रयार्थी लाभ कायद्याचे चौथे कलम प्रौढाला मुख्यतः तीव्र आजार आणि वेदना यांवरच उपचार देते. लसीकरण आणि काही तपासण्याही त्यात येतात; जुनाट दुखणी सहाव्या कलमाखाली, अधिकाऱ्याच्या विवेकावर. त्याच चौथ्या कलमात गर्भवतीला आणि बाळंतिणीला मात्र पूर्ण वैद्यकीय मदतीचा हक्क आहे, आणि तो असायलाच हवा. पण त्यामुळे गरोदर बाईला डॉक्टर भेटतो, सुईण भेटते, पुढची तारीख मिळते. पंचविशीतल्या एकट्या पुरुषाला आत शिरायला असे निमित्तच नाही.

अनेक ठिकाणी आश्रयार्थी पुरुषाला दवाखान्याआधी समाजकल्याण कचेरीतून उपचाराचा कागद आणावा लागतो. झोप लागत नाही, हे आधी कारकुनाला पटवायचे! पुढे डॉक्टरसमोर दुभाषी हवा, तर त्याचा खर्च सार्वजनिक आरोग्य विमा देत नाही. मग सोबत येतो शेजारी, नाहीतर शाळेत जाणारा मुलगा. तुरुंगात आपला कसा छळ झाला, हे कोणता बाप मुलाच्या तोंडून सांगेल? अंगण खरोखरच वाकडे असताना नाचणाऱ्याला नावे ठेवण्याचा हा प्रकार आहे.

राहिला निर्बंधांमुळे पैसा वाचतो हा काटकसरीचा युक्तिवाद. बोझोर्गमेहर आणि राझुम या संशोधकांनी 1994 ते 2013 चे आकडे तपासून 2015 मध्ये दाखवले की, निर्बंधाखालच्या आश्रयार्थींवरचा दरडोई आरोग्यखर्च पूर्ण सेवा मिळणाऱ्यांपेक्षा सुमारे 40 टक्के जास्त होता. कागदाऐवजी आरोग्य कार्ड देणेही अशक्य नाही; ब्रेमेनने ते 2005 मध्ये आणि हॅम्बुर्गने 2012 मध्ये सुरू केले.

तरीही 2024 मध्ये जर्मनीने या निर्बंधांची मुदत 18 महिन्यांवरून 36 महिन्यांवर नेली.