भुते कोणाच्या कामाची?

कामगार संघटनेत उमर घालविलेल्या माणसाने भुताखेतांवर काय बोलावे, असे आपणांस वाटेल. पण रात्रपाळी केलेल्यांना भुते परकी नसतात. आमच्या तरुणपणी एका कारखान्याच्या मागल्या गोदामात भूत असल्याची बोलवा होती. रात्री तिकडे कोणी फिरकत नसे. पुढे तपासणी झाली, तेव्हा त्याच गोदामातून कित्येक महिने माल परस्पर बाहेर जात असल्याचे उघडकीस आले. तेव्हापासून भूत आहे की नाही, या वादात आम्ही शिरत नाही. ते कोणाच्या कामी येते, हे आधी विचारतो.

हाच प्रश्न घेऊन आज अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत जाऊ. तेथील कापसाच्या मळ्यांवर १८६५ पर्यंत कृष्णवर्णीय गुलाम राबत होते. दिवसा मुकादमाचा चाबूक असे. मालकाला काळजी होती ती रात्रीची. अंधार पडला की गुलाम शेजारच्या मळ्यावरील बायकामुलांना भेटायला जात, चोरून प्रार्थनेला जमत, कधी उत्तरेची वाटही धरीत. परवान्याच्या चिठ्ठीवाचून सापडेल त्याला फटके देण्यासाठी गोऱ्यांची घोडेस्वार गस्त असे. परंतु प्रत्येक वाटेवर गस्त कोठून आणावी? भूत मात्र बिनपगारी पहारा करते.

ग्लॅडिस-मेरी फ्राय या कृष्णवर्णीय विदुषीने १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हे उलगडून दाखविले आहे. १९३६ ते १९३८ या काळात सरकारी योजनेतून २,३०० हून अधिक माजी गुलामांच्या आठवणी लिहून घेतल्या गेल्या होत्या. त्या आठवणी आणि वृद्धांच्या तोंडच्या हकिकती फ्रायबाईंनी पडताळल्या. मालक व मुकादम भुतांच्या गोष्टी मुद्दाम पसरवीत, प्रसंगी पांढरी चादर पांघरून स्वतःच भूत होत, असे त्यांतून दिसते.

गुलामगिरी गेली, भूत राहिले. यादवी युद्ध संपताच टेनेसीतील पुलास्की गावी कू क्लक्स क्लॅन ही गुप्त टोळी निघाली. तिचे स्वार रात्री झोपडीच्या दारात येत आणि १८६२ च्या शायलोच्या लढाईत मेलेल्या शिपायांची आपण भुते आहोत, असे सांगत. बादलीभर पाणी मागून ते गटागटा पिऊन दाखवीत. पाणी जाई झग्याखाली दडविलेल्या पिशवीत!

लोक फसले काय? १८७१ साली अमेरिकी संसदेच्या समितीपुढे कृष्णवर्णीय साक्षीदार उभे राहिले. आवाजावरून, घोड्यावरून ओळखलेल्या स्वारांची नावे त्यांनी जीव धोक्यात घालून सांगितली. समितीच्या अहवालाचे १३ खंड झाले. बुरख्याआड कोण आहे, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी रात्री रानात काढल्या त्या पिशाच्चाच्या भयाने नव्हे, बंदुकीच्या.

पुढे माणसे मळे सोडून शहराकडे निघाली, तेव्हा ‘रात्रीचे डॉक्टर’ अवतरले. शहरात अंधाऱ्या गल्लीत ते माणसाला गाठतात, तोंडाला चिकटपट्टी लावून इस्पितळात नेतात आणि चिरफाड करतात, अशी ती कथा. मजूर हातचे जाऊ नयेत म्हणून जमीनदारांनी या अफवेला खतपाणी घातले, असे फ्रायबाई म्हणतात.

येथे आमचा प्रश्न अपुरा पडतो. अफवा मालकाच्या सोयीची होती म्हणून ती निव्वळ थाप होती, असे कसे म्हणावे? जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा येथील वैद्यकीय महाविद्यालयाने १८५२ साली ग्रँडिसन हॅरिस नावाचा गुलाम विकत घेतला, तो प्रेते आणण्यासाठी. रात्री तो कृष्णवर्णीयांच्या दफनभूमीतील ताज्या कबरी उकरी. १९८९ साली जुन्या इमारतीच्या तळघरात सुमारे ४०० माणसांची हाडे सापडली. त्यांत कृष्णवर्णीयच अधिक होते. जिवंत माणसे पळविण्याची कथा सोडून द्या; मेलेल्यांची चोरी मात्र खरी होती.

तरीही माणसे निघालीच. १९१० ते १९७० या साठ वर्षांत सुमारे ६० लाख कृष्णवर्णीयांनी दक्षिण सोडली. भीती त्यांनाही वाटली असेल. पण मळ्यावरील जिणे त्यांना ठाऊक होते.

म्हणून आमची विनंती एवढीच, की आपल्या आळीत एखादी भीतीची वदंता उठली, तर तिला हसण्यावारी नेऊ नका आणि तिच्यामागे धावूही नका. ती कोणाच्या लाभाची आहे, हे पाहा. आणि ज्यांना तिची भीती वाटते, त्यांचे पूर्वी काय हिरावले गेले होते, हेही विचारा.