मनोविकारविरोधी औषधे आणि प्रायापिझम

लैंगिक उत्तेजना नसताना किंवा ती ओसरून गेल्यावरही शिश्नाची ताठरता चार तासांपेक्षा जास्त टिकून राहिली, तर त्या अवस्थेला प्रायापिझम म्हणतात. स्किझोफ्रेनिया, बायपोलर अशा आजारांवरच्या मनोविकारविरोधी औषधांचा हा विरळा पण गंभीर दुष्परिणाम आहे. तो हृदयविकाराच्या झटक्याइतकाच तातडीने हाताळावा लागतो, कारण येथेही प्राणवायूविना उती मरत असतात.

शिश्नात दोन बाजूंना स्पंजासारख्या उतीचे दोन दंडगोल असतात. एरवी नॉरअॅड्रेनलिन हे रसायन त्यांच्या स्नायूंवरच्या अल्फा-१ ग्राहकांना (रिसेप्टर) चिकटून स्नायू आवळलेले ठेवते, त्यामुळे आत रक्त जेमतेम शिरते. स्नायू सैल पडले की रक्त भरते, बाहेर नेणाऱ्या शिरा दाबल्या जातात आणि ताठरता येते. ती उतरवण्याचे काम पुन्हा नॉरअॅड्रेनलिनचेच. मनोविकारविरोधी औषधांचे मुख्य काम मेंदूतल्या डोपामिनशी असले, तरी त्यांतली अनेक औषधे जाता जाता अल्फा-१ ग्राहकही अडवतात. गोळी सुरू केल्यावर झटकन उभे राहताना चक्कर येते, नाक चोंदते, ते याच कारणाने. क्वचित एखाद्याच्या बाबतीत ताठरता उतरवणारी यंत्रणाच बंद पडते.

ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जाइल्स ब्रिंडली यांनी 1983 मध्ये शिश्नात अल्फा-रोधक टोचून ताठरता आणता येते हे दाखवले. त्यांना नपुंसकतेवर उपचार शोधायचा होता, पण त्यांच्या कामामुळे या दुष्परिणामाचाही उलगडा झाला. हे दाखवणारा त्यांचा लेख मनोविकारशास्त्राच्याच नियतकालिकात आला होता.

1952 मध्ये पॅरिसमध्ये मनोरुग्णांवर वापरात आलेल्या क्लोरप्रोमाझिनपासून थायोरिडाझिन, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, क्लोझापिन, क्वेटियापिन, झिप्रासिडोनपर्यंत बहुतेक औषधांबाबत अशा रुग्णांच्या नोंदी आहेत. झोपेसाठी सर्रास लिहून दिले जाणारे ट्रॅझोडोन हे नैराश्यावरचे औषध तर यासाठी कुप्रसिद्धच आहे. हा त्रास डोस वाढवला म्हणून होतो असे नाही. पहिल्या काही गोळ्यांनंतर होऊ शकतो, तसा वर्षानुवर्षे तेच औषध घेणाऱ्यालाही होऊ शकतो. अनेकांना आधी लांबलेल्या, आपोआप उतरलेल्या ताठरतेचे अनुभव येऊन गेलेले असतात. नेमकी हीच गोष्ट रुग्ण सांगत नाही आणि डॉक्टर विचारत नाहीत.

सिकलसेल असलेल्यांना प्रायापिझमचा धोका मुळातच जास्त असतो. म्हणून गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारसारख्या सिकलसेलचे प्रमाण मोठे असलेल्या जिल्ह्यांत ही औषधे सुरू करताना त्याची चौकशी व्हायलाच हवी.

औषधांमुळे होणारा प्रायापिझम जवळजवळ नेहमी रक्त कोंडल्याने होतो. दोन्ही दंडगोल लाकडासारखे कडक असतात, शिश्नाचे टोक मात्र मऊ राहते, आणि वेदना तासागणिक वाढत जातात. कोंडलेल्या रक्तातला प्राणवायू संपतो. चोवीस तास उलटले की कायमच्या नपुंसकतेची शक्यता फार मोठी असते. दोन दिवसांत स्नायू मरू लागतात आणि त्यांच्या जागी ताठ न होणारी तंतुमय उती तयार होते.

आपत्कालीन कक्षात भूल देऊन बाजूने सुई घातली जाते आणि साचलेले रक्त ओढून काढले जाते. ते गडद, जवळजवळ काळे असते. मग दर काही मिनिटांनी फिनाइलएफ्रिन थोडे थोडे टोचतात आणि सोबत रक्तदाब पाहत राहतात. सर्दीच्या गोळ्यांत असते तेच हे औषध, पण येथे गोळी गिळून भागत नाही. एवढ्यानेही उतार पडला नाही, तर कोंडलेल्या रक्ताला वाट काढून देणारी शस्त्रक्रिया करावी लागते. वेळेत आलेल्या रुग्णाचे बहुधा सुईवरच भागते.

पण रुग्ण वेळेत येत नाही. आई किंवा बहीण गोळ्या देते, ओपीडीत सोबत येते. तिला हे सांगायचे कसे, या संकोचात रात्र जाते. त्याने धीर करून सांगितलेच, तर मनोरुग्णाची तक्रार भ्रम म्हणून उडवून लावली जाण्याचा धोका असतो. हा अन्याय टाळण्यासारखा आहे. ‘चार तासांत उतरले नाही तर थांबू नका, थेट मोठ्या रुग्णालयात या’ हे वाक्य चिठ्ठी लिहिताना उच्चारायला अर्धा मिनिटही लागत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार औषधाचे ज्ञात दुष्परिणाम समजून घेणे हा रुग्णाचा हक्कच आहे.

अशा प्रसंगानंतर मानसिक आजाराचे उपचार सोडून चालत नाही. संशयित औषध मनोविकारतज्ज्ञाच्या सल्ल्याने थांबवून अल्फा-१ ग्राहकांशी फारसा संबंध नसलेले, उदाहरणार्थ अमिसल्प्राइड, विचारात घेतात. महिन्यातून एकदा देण्याच्या दीर्घकालीन इंजेक्शनांची अडचण निराळी असते. गोळी बंद करता येते, पण स्नायूत साठवलेले औषध आठवडेच्या आठवडे झिरपत राहते, आणि तोवर ताठरता पुन्हा येऊ शकते.