पेजमेकरमध्ये अडकलेली अक्षरे

भारतातील पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात आला, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच परंपरेतले फादर स्टीफन्स ह्यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' मात्र १६१६ मध्ये रोमन अक्षरांत छापले गेले, कारण त्या छापखान्यांत देवनागरी खिळे नव्हते. सतराव्या शतकातील त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो लोकांनी हाताने नकला उतरून ठेवल्या म्हणून. ज्याला नक्कल करता येते तेच टिकते, हा धडा गोमंतकाच्या मुद्रणेतिहासाने प्रारंभीच दिला आहे. चार शतकांनंतर, संगणकाच्या काळात, तोच धडा आपणांस पुन्हा गिरवावा लागत आहे.

आमच्या केरीसारख्या तेरेखोलच्या तीरावरील गावांत आणि एकूणच पेडणे-डिचोली भागांत पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या मराठी घराण्यांनी आपले कुलवृत्तांत, देवस्थानांच्या स्मरणिका, वडीलधाऱ्यांचे गौरवग्रंथ मोठ्या कष्टाने सिद्ध केले. १९९० नंतरच्या दीड-दोन दशकांत अशा बहुतेक पुस्तकांची अक्षरजुळणी 'पेजमेकर' ह्या सॉफ्टवेअरवर होत असे. आज पुरवणी काढावी, नव्या पिढीची नावे घालावी, म्हणून कपाटातील सीडी बाहेर काढावी तर ती उघडत नाही. आणि उघडलीच, तर देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांचा निरर्थक पसारा दिसतो. मजकूर आपला, श्रम आपले, खर्च आपला. पण किल्ली दुसऱ्याकडे.

ही किल्ली गेली कशी, हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील आल्डस कंपनीने १९८५ मध्ये पेजमेकर आणले आणि टेबलावरच्या संगणकावर पुस्तक जुळवण्याचा, म्हणजे डीटीपीचा, व्यवसाय त्यातून जगभर उभा राहिला. १९९४ मध्ये अ‍ॅडोबीने आल्डस विकत घेतली. १९९९ मध्ये त्याच अ‍ॅडोबीने 'इनडिझाइन' बाजारात आणले. २००१ ची सातवी आवृत्ती ही पेजमेकरची अखेरची ठरली आणि २००४ मध्ये पुढील विकास थांबल्याचे जाहीर झाले. जुन्या फायली इनडिझाइनमध्ये उघडण्याची सोय काही वर्षे होती; २०१२ च्या सीएस-६ नंतरच्या आवृत्त्यांतून तीही गेली.

मराठी माणसाची अडचण दुहेरी होती. पेजमेकरला देवनागरी लिपी मुळात कळत नव्हती. म्हणून श्री-लिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम अशा देशी साधनांनी काना, वेलांटी, अर्धी अक्षरे ह्यांचे तुकडे करून ते रोमन अक्षरांच्या जागी बसवले. ती युक्ती कौतुकास्पदच होती. तिच्यावाचून त्या काळी मराठी डीटीपी उभे राहिले नसते. परंतु प्रत्येकाची मांडणी निराळी, त्यामुळे एका फाँटमधील मजकूर दुसऱ्यात वाचता येईना. युनिकोडने १९९१ मध्येच देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला जगभर एकच क्रमांक दिला होता. मात्र पेजमेकर शेवटपर्यंत त्या वाटेला गेले नाही. इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची नीट सोय येण्यास २०१२ उजाडले. तोवर आपल्या छापखान्यांनी बंद पडलेले सॉफ्टवेअरच जुन्या संगणकांवर जपून ठेवले. त्याला आळस म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांना दुसरा मार्ग फारसा नव्हता.

असंतोष केवळ आपल्याकडेच होता असेही नाही. 'फ्रीहँड' ह्या चित्रांकनाच्या सॉफ्टवेअरची कथा बोलकी आहे. स्पर्धा टिकावी म्हणून १९९४ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने ते अ‍ॅडोबीकडे जाऊ दिले नव्हते. २००५ मध्ये मॅक्रोमीडिया कंपनीच विकत घेतली गेल्याने ते अखेर अ‍ॅडोबीकडे आले आणि २००७ मध्ये त्याचा विकास बंद झाला. वापरणाऱ्यांनी संघटना करून २०११ मध्ये न्यायालयात दाद मागितली. २०१२ मध्ये तडजोड झाली, पण फ्रीहँड परत आले नाही. २०१३ पासून तर अ‍ॅडोबीने नव्या आवृत्त्या केवळ वर्गणीवर देण्याचे धोरण स्वीकारले.

कंपनीला तोट्याचे वा जुने झालेले साधन कायम चालवा, असे कोणी म्हणू शकत नाही. सरकारी सेवेत दप्तर सांभाळताना आम्ही एवढे मात्र शिकलो, की कपाट बदलले तरी कागद वाचता आला पाहिजे. ग्राहकाने मूल्य देऊन घेतलेली असते ती साधन वापरण्याची परवानगी. त्यात लिहिलेला मजकूर मात्र सर्वस्वी त्याचा असतो. साधन बंद करताना तो मजकूर सोडवून घेण्याची वाट खुली ठेवणे, हे विक्रेत्याचे कर्तव्य मानले गेले पाहिजे.

तोवर आपले कर्तव्य आपण करावे. जुन्या फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे परिवर्तक उपलब्ध आहेत. त्यांतून निघालेला मजकूर मूळ छापील प्रतीशी ताडून पाहावा, कारण जोडाक्षरांत चुका राहतात. पानांची पीडीएफ प्रत ठेवावी. तो प्रकार २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाला असून आता एकाच कंपनीच्या मर्जीवर अवलंबून नाही. आणि छापील प्रत किमान दोन घरांत असावी. ज्यांनी जुन्या सीडी अजून तपासल्या नाहीत त्यांनी हे काम यंदाच हाती घ्यावे. मूळ मजकूर जुळवणारे हात आणि तो जाणणारी वडीलधारी माणसे आज आपल्यात आहेत. त्यांच्याविना तो ताडून कोण देणार?