धरण खाली, शहर वर: मलिक अंबरची नहर आणि आपल्या गच्चीवरची टाकी

आज सुरुवातीलाच दोन आकडे सांगून टाकतो. पहिला ४६३.९, दुसरा ५६८. पहिला आकडा म्हणजे पैठणचं जायकवाडी धरण पूर्ण भरल्यावर पाण्याची समुद्रसपाटीपासूनची उंची, मीटरमध्ये. मराठवाड्यातले लोक हीच पातळी १५२२ फूट अशी सांगतात, पेपरात रोज छापून येते. दुसरा आकडा म्हणजे त्या धरणाचं पाणी पिणाऱ्या छत्रपती संभाजीनगर शहराची सरासरी उंची.

दोन्ही आकडे परत एकदा बघा. धरण खाली आहे आणि शहर वर. धरण काठोकाठ भरलं तरी पाणी शंभर मीटर वर चढवावं लागतं, म्हणजे तीसेक मजल्यांची इमारत. तेही पैठणपासून शहरापर्यंतचं पंचेचाळीस-पन्नास किलोमीटरचं अंतर कापून.

मी इंजिनिअर आहे, त्यामुळे कागदावर हिशोब केल्याशिवाय राहवलं नाही. हजार लिटर पाणी शंभर मीटर उचलायला कमीत कमी ०.२७ युनिट वीज लागते. पंपाची कार्यक्षमता आणि पाईपमधलं घर्षण धरलं की आकडा बराच वर जातो. आता २०११च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या पावणेबारा लाख होती, आज त्याहून जास्त आहे. म्हणजे इथल्या प्रत्येक नळाला आधी विजेची तार जोडलेली आहे. ती तार आपल्याला दिसत नाही एवढंच.

कधी दिसते? जायकवाडीच्या पंपगृहाची वीज जाते तेव्हा. घरात पंखे चालू, टीव्ही चालू, वायफाय चालू, आणि नळाला पाणी नाही! वीज तासाभरात आली तरी काम तासाभरात होत नाही. लांबलचक पाईपलाईन पुन्हा भरायची, आत अडकलेली हवा बाहेर काढायची, मग जलकुंभ भरायचे. पंप अचानक बंद पडला तर धावणारं पाणी पाईपमध्ये उलटा दणका देतं आणि कधी लाईनच फुटते. आधीच इथे काही दिवसांआड पाणी. त्यात पाळी एक दिवस पुढे ढकलली की घराघरातले ड्रम, हंडे, कळशा यांचं सगळं गणित कोलमडतं. आणि हे गणित बहुतेक घरांत बाईलाच करावं लागतं, हेही बोलून ठेवतो.

आता चारशे वर्षं मागे जाऊ.

या जागी तेव्हा खडकी नावाचं गाव होतं. नावातच जमीन कशी ते कळतं. १६१०च्या सुमारास निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने इथे शहर वसवलं. हा माणूस मूळचा हबशी, आजच्या इथिओपियातला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात विकला जात दख्खनमध्ये पोचला आणि शेवटी अख्खी निजामशाही त्याच्या जोरावर उभी राहिली. जहांगीरच्या फौजांना त्याने वर्षानुवर्षं दमवलं. शहाजीराजेही त्याच्या बरोबरीने लढले, १६२४ची भातवडीची लढाई तुम्ही ऐकली असेल. (शहराचं नाव पुढे फतेहनगर झालं, मग औरंगाबाद, मग आजचं. मी ज्या त्या काळातलं नाव वापरतोय, कमेंटमध्ये भांडू नका.)

गनिमी काव्याबद्दल मलिक अंबरचं नाव निघतंच. मला मात्र त्याचं खरं मोठं काम जमिनीखाली दिसतं: नहर-ए-अंबरी.

शहराजवळ खाम नदी आहे, पण ती मोठ्या वस्तीला वर्षभर पुरणारी नाही. मग पाणी शोधलं ते शहराच्या उत्तरेकडच्या डोंगरांत. तिथे पायथ्याशी विहिरी खणल्या आणि त्या तळातून बोगद्याने एकमेकींना जोडल्या. डोंगरात मुरलेलं पावसाचं पाणी झिरपत झिरपत या बोगद्यात गोळा होतं आणि उताराने शहराकडे निघतं. तंत्र मूळचं इराणचं, तिकडे त्याला कनात म्हणतात. गंमत म्हणजे मलिक अंबरचा शत्रू, मोगलांचा सुभेदार अब्दुल रहीम खानखानान, हाही जवळजवळ त्याच वर्षांत बऱ्हाणपूरला हेच करत होता. तिथला कुंडी भंडारा १६१५चा. रणांगणावर एकमेकांच्या जिवावर उठलेली दोन माणसं पाण्यासाठी एकाच पुस्तकातलं पान वाचत होती म्हणायचं.

ऐकायला सोपं वाटतं, पण यातला उतार ही अवघड गोष्ट आहे. जास्त ठेवला तर पाणी वेगाने धावून बोगद्याचा तळ खरवडतं, कमी ठेवला तर गाळ बसतो. लेझर नाही, जीपीएस नाही, आणि मैलोनमैल हा उतार जमिनीखाली सांभाळायचा. ठरावीक अंतरावर वर उघडणारी तोंडं ठेवली, म्हणजे हवा खेळती राहते आणि गाळ काढायला माणूस आत उतरू शकतो. या नहरीच्या बाबतीत मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच. दुरुस्ती करणारा माणूस आत कसा जाणार हे बांधतानाच ठरवलेलं होतं. आमच्या धंद्यात आजही लोक ते विसरतात.

शहरात शिरल्यावर पाणी खापरी नळांतून जायचं. भाजलेल्या मातीचा नळ, त्याला दाब फार सोसत नाही. मग मध्ये मध्ये दगड-चुन्याचे उभे खांब बांधले. पाणी दाबाने खांबात वर चढतं, माथ्यावर मोकळ्या हवेत येतं, साठलेली हवा सुटते, आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा खाली उतरून पुढे जातं. म्हणजे प्रत्येक खांबापाशी दाब शून्यावर येतो आणि नवा प्रवास सुरू होतो. पाणी वर चढताना बघून ‘पंप कुठे आहे?’ असं विचारावंसं वाटतं. पंप नाहीच. मागे डोंगरात पाण्याची पातळी याहून उंच आहे, तोच पंप.

पुढे शहरात आणखी नहरी झाल्या. थत्ते नहर झाली, पाणचक्कीची नहर झाली. पाणचक्की तुम्ही शाळेच्या सहलीत बघितलीच असेल. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशी १७४४च्या सुमारास तुर्कताज खानाने ती बांधली. डोंगरातून आलेलं पाणी उंच भिंतीवरून हौदात पडतं, त्याच पाण्याच्या जोरावर खाली जातं फिरायचं आणि दर्ग्यात येणाऱ्यांसाठी पीठ दळलं जायचं. त्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या मोठ्या दालनाचं छत. उन्हाळ्यात त्या दालनात जाऊन उभे राहा, एसीची आठवण येणार नाही. सहलीत आपल्याला हे चमत्कार म्हणून दाखवतात. मला त्यात चमत्कार दिसत नाही, हिशोब दिसतो: पाणी घरी पोचवून वर जी उंची शिल्लक राहिली, तीसुद्धा वाया घालवली नाही.

मग आपण हे सोडलं का? इथे जुनं ते सोनं म्हणून टाळ्या घेणं सोपं आहे, पण मी घेणार नाही. नहरीतून येणारं पाणी डोंगरात मुरलेल्या पावसाएवढंच. काही लाखांच्या पुढे गेलेल्या शहराला, वर एमआयडीसीला, ते पुरणं शक्य नव्हतं. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली, १९७६ला इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. गोदावरीचं भरपूर पाणी मिळालं, आणि त्यासोबत वर सांगितलेले शंभर मीटर गळ्यात पडले. हा सौदा चुकीचा होता असं मला वाटत नाही. पण नवं आलं म्हणून हातातलं जुनं टाकून देणं, त्याच्यावर घरं बांधणं, त्याच्या तोंडात राडारोडा आणि सांडपाणी सोडणं, याला काही तांत्रिक कारण नव्हतं. नहरी बऱ्याच ठिकाणी अशाच फुटल्या आणि बुजल्या.

दुसरी व्यवस्था शिल्लक असली तर काय होतं हे पुण्याने एकदा बघितलंय. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५०च्या आसपास, कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून नळ आणला होता आणि वाटेत पेठापेठांतून हौद बांधले होते. काळा हौद, फडके हौद ही नावं पुणेकरांना पत्त्यापुरती तरी माहीत असतात. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं. वीज गेली, नळ कोरडे पडले. तेव्हा शहराने कात्रजचं पाणी येणारे हौद आणि वाड्यांतले आड पुन्हा वापरायला काढले. दोनशे वर्षांपूर्वीची सोय होती, ती चालली, कारण तिला चालायला उताराशिवाय काही लागत नव्हतं.

आता आपल्या घराकडे येऊ. मलिक अंबरची युक्ती आपल्या सगळ्यांच्या डोक्यावर आहे: गच्चीवरची टाकी. हजार लिटर पाणी दहा मीटर उंचीवर ठेवलं तर त्यात साठलेली ऊर्जा साधारण २७ वॅट-तास भरते. तुमच्या मोबाईलच्या ५,००० एमएएच बॅटरीत १९च्या आसपास असते. म्हणजे दीड मोबाईलएवढी ऊर्जा, आणि त्यावर चार माणसांचं घर दिवसभर निघतं! उलट वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर एक एचपीची मोटर चालवायला जाल तर सुरू होताना ती नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते आणि घरचा साधा इन्व्हर्टर बसतो. म्हणून वीज असताना टाकी भरून ठेवणं हाच सगळ्यात स्वस्त बॅकअप. भारनियमनाच्या काळात आपल्या आयांना हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

पण टाकीसुद्धा मोटरवर अवलंबून. वीज फक्त आपल्या गल्लीतली गेली असेल तर पालिकेचं पाणी खालच्या हौदात येतच असतं, आपण ते वर नेऊ शकत नाही एवढंच. जुन्या इमारतींत यासाठी तळमजल्यावर थेट मेन लाईनचा एक नळ असायचा. पाणी आलं की सगळे बादल्या घेऊन खाली. नव्या सोसायट्यांत तो नळ गायब झाला, कारण सगळं पाणी आधी हौदात आणि मग मोटरने वर. आमच्या सोसायटीत गेल्या वर्षी मीटिंगमध्ये हा विषय काढला तर अर्धा तास चर्चा झाली की गेटजवळ बादल्या दिसणं बरं दिसेल का. शेवटी जिन्याखाली, हौदाच्या आधी लाईन फोडून नळ बसवला. प्लंबरला दोन तास लागले. तुमच्याकडे तो नळ आहे का ते आज खाली जाऊन बघा, आणि नसेल तर पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर टाका. बादल्यांचा मुद्दा तुमच्याकडेही निघेल.