शाक्यांचा संहार : पाली वाङ्मयातील हिंसेची कारणमीमांसा

हिंसा का घडते, या प्रश्नाचे उत्तर समाज बहुधा हिंसा करणाऱ्याच्या स्वभावात शोधतो. तो क्रूर होता, सूडाने पेटला होता, एवढे म्हटले की विचार थांबतो. भगवान बुद्धांच्या धम्मात मात्र प्रत्येक घटनेमागे हेतू आणि प्रत्यय यांची मालिका असते. ही मालिका जेथे तोडता येते, तेथेच दुःखाचा निरोध शक्य होतो. प्रस्तुत लेखात आम्ही शाक्यकुलाच्या संहाराची कथा या दृष्टीने तपासणार आहोत. धम्मपद-अट्ठकथा आणि भद्दसाल जातक यांत आलेली ही कथा सांगताना तिचा भीषण शेवट विस्ताराने सांगितला जातो. आमच्या मते तिचे सारे मर्म तिच्या आरंभात आहे.

निकायांतील विचार

हिंसेची कारणे पाली निकायांत निरनिराळ्या ठिकाणी स्पष्ट केलेली आहेत. दीघनिकायातील महानिदान सुत्तात तृष्णेपासून शोध, शोधापासून लाभ, लाभापासून आसक्ती, परिग्रह आणि मात्सर्य, आणि मिळवलेल्याच्या रक्षणापायी शेवटी हाती दंड आणि शस्त्र, असा क्रम दाखविला आहे. चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात हीच मीमांसा राज्यव्यवस्थेला लावली आहे. राजा निर्धनांना धन देत नाही, म्हणून दारिद्र्य वाढते. दारिद्र्यातून चोरी उद्भवते. राजा चोरांचा शिरच्छेद करू लागतो, तेव्हा लोकही शस्त्रे घडवतात आणि ज्यांना लुटायचे त्यांचा शिरच्छेद करू लागतात. राज्यसंस्थेची हिंसा प्रजेला हिंसेचा धडा देते, हा विचार इतक्या प्राचीन काळी इतक्या स्पष्टपणे मांडला गेला आहे, याचे आजही आश्चर्य वाटते. कूटदन्त सुत्तातील पुरोहित म्हणूनच राजाला वध-बंधनाचा मार्ग सोडून शेतकऱ्यांना बी-बियाणे, व्यापाऱ्यांना भांडवल आणि राजसेवकांना वेतन देण्याचा सल्ला देतो.

सुत्तनिपातातील अत्तदण्ड सुत्तात परस्परांवर शस्त्र उगारणाऱ्या लोकांना पाहून भगवंतांच्या मनात जे भय आणि संवेग उपजले, त्यांचे निवेदन आहे. आचार्य धर्मानंद कोसंबी यांनी ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचा संबंध याच सुत्ताशी जोडला. पुढे बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात चार निमित्तांची परंपरागत कथा बाजूला ठेवून शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा गृहत्यागाच्या मुळाशी मांडला.

या सर्व ठिकाणी हिंसेचे मूळ धन, भूमी किंवा पाणी यांच्या विषम वाटणीत आहे. शाक्यसंहाराच्या कथेत याहून वेगळे कारण पुढे येते. ते आहे कुलाभिमान.

कथेचा आरंभ

कोसलराजा प्रसेनजित याला भिक्षुसंघाचा विश्वास संपादन करण्यासाठी शाक्यकुलाशी नाते जोडावयाचे होते. त्याने शाक्यांकडे कन्या मागितली. शाक्य हे कोसलाच्या अंकित, त्यामुळे नकार देणे शक्य नव्हते. परंतु प्रसेनजिताचे कुल त्यांना आपल्या तोडीचे वाटत नव्हते. तेव्हा महानाम शाक्याने तोड काढली. नागमुंडा नावाच्या दासीपासून त्याला झालेली वासभखत्तिया ही मुलगी ‘शाक्यकन्या’ म्हणून पाठवावयाची ठरली. कन्या खरोखरच कुलीन आहे, याची खूण म्हणून महानामाने तिच्यासह एका पात्रात जेवावे, अशी अट कोसलाच्या दूतांनी घातली. महानामाने पहिला घास घेतला, तोच पूर्वसंकेताप्रमाणे एक पत्र त्याच्यापुढे आले. हात पात्रात ठेवून तो पत्र वाचीत राहिला आणि तेवढ्यात मुलीने जेवण आटोपले. दूतांचे समाधान झाले. बापाने पोटच्या मुलीबरोबर जेवण्याचे टाळले, ते या रीतीने.

वासभखत्तियेचा पुत्र विडूडभ सोळाव्या वर्षी आजोळी कपिलवस्तूस आला. त्याला वंदन करावे लागू नये म्हणून त्याच्याहून लहान सर्व शाक्यकुमारांना आधीच बाहेरगावी पाठविण्यात आले होते. सर्वांना वंदन करून थकलेल्या या मुलाने विचारले, मला वंदन करणारा एकही कसा नाही? तो परत निघाल्यावर संथागारातील ज्या आसनावर तो बसला होता, ते एक दासी दूध-पाण्याने धुऊ लागली आणि हे दासीपुत्राचे आसन म्हणून शिव्या देऊ लागली. विसरलेले शस्त्र घेण्यासाठी परतलेल्या विडूडभाच्या एका सैनिकाने ते ऐकले. राजकुमाराने प्रतिज्ञा केली की, आज हे आसन दुधाने धुतले जात आहे. मी राजा झाल्यावर ते शाक्यांच्या कंठातील रक्ताने धुईन.

आसन धुणारी स्वतः दासीच होती, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. ज्या व्यवस्थेने नागमुंडेला हीन ठरविले, तिनेच या दासीलाही हीन ठरविले होते. तरीही दुसऱ्या दासीच्या नातवाला शिवी देताना तिला क्षणभर कुलीनांच्या पंक्तीत बसल्याचा भास झाला असावा. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, तिचे चालणे या एका प्रसंगात दिसते. नागमुंडा स्वतः मात्र या कथेत एक शब्दही बोलत नाही.

परिणामांची साखळी

सत्य कळल्यावर प्रसेनजिताने माता आणि पुत्र दोघांचाही मान काढून घेतला. भगवंतांनी त्याला पितृकुल हेच प्रमाण असल्याचे सांगितले आणि त्यांना पूर्वपदावर आणविले, असे अट्ठकथाकार म्हणतात. येथे आमचा अट्ठकथेशी मतभेद आहे. हे उत्तर अन्याय दूर करते, पण मोजमाप कुलाचेच ठेवते. वासेट्ठ सुत्तातील बुद्धवचन याच्या फार पुढचे आहे. तृण, कीटक, पशू, पक्षी यांत जन्मसिद्ध जातिचिन्हे असतात, मनुष्यांत ती नसतात, असे तेथे स्पष्ट प्रतिपादन आहे. दोहोंत विसंगती दिसेल तेथे मूळ सुत्तालाच प्रमाण मानावे, असे आम्हास वाटते.

साखळीतील दुसरा दुवा प्रसेनजिताच्या दरबारात आहे. त्याने खोट्या आरोपावरून सेनापती बंधुल मल्ल आणि त्याचे बत्तीस पुत्र यांचा वध करविला आणि पश्चात्तापाने बंधुलाचा भाचा दीघकारायण याला सेनापती केले. याच कारायणाने पुढे राजचिन्हे विडूडभाच्या हाती दिली. वृद्ध प्रसेनजित मदतीसाठी राजगृहास गेला आणि नगराच्या बंद दाराबाहेर मरण पावला.

विडूडभ शाक्यांवर चालून निघाला. विरळ छायेच्या वृक्षाखाली बसलेल्या भगवंतांना पाहून तो तीन वेळा माघारी फिरला. चौथ्या वेळी ते तेथे नव्हते. शाक्यांनी बाण सोडले, पण कोणास मारले नाही. विडूडभाने तान्ह्या मुलांसह शाक्यांची कत्तल केली आणि त्यांच्या रक्ताने ते आसन धुतले. आजोबा महानामाला मात्र त्याने वाचविले आणि बरोबर न्याहारी करण्यास बोलाविले. कुल बुडाले होते, तरी महानामाने दासीपुत्राबरोबर जेवण्याऐवजी स्नानाचे निमित्त करून तळ्यात उडी घेतली. पहिल्या अन्नापासून अखेरच्या अन्नापर्यंत त्याचा विटाळ सुटला नाही. परतीच्या वाटेवर अचिरवतीच्या पुरात विडूडभही सैन्यासह वाहून गेला.

कथेच्या ऐतिहासिकतेविषयी सावधपणे बोलले पाहिजे. निकायांत विडूडभाचा उल्लेख आहे, संहाराचा वृत्तान्त नाही. महापरिनिब्बान सुत्तात कपिलवस्तूचे शाक्य अस्थींचा वाटा मागताना दिसतात. तेव्हा संहार भगवंतांच्या हयातीत घडला असल्यास तो संपूर्ण नव्हता. तथापि फाहियान आणि ह्युएनत्संग या दोन्ही यात्रेकरूंनी शाक्यांच्या वधाचे स्थान नोंदविले आहे. 1898 साली पिप्रहवा येथे सापडलेल्या अस्थिपात्रावरील लेखाचा अर्थ लावताना फ्लीट यांनी हे अवशेष मारल्या गेलेल्या शाक्यांचे असावेत, असे मत मांडले होते. ते सर्वमान्य झाले नाही. पण ही स्मृती किती खोल रुजली होती, याची त्यावरून कल्पना येते.

पूर्वकर्माचे स्पष्टीकरण

शाक्यांसारख्या निरपराधांचा असा अंत का व्हावा? अट्ठकथेचे उत्तर असे की, पूर्वजन्मी त्यांनी नदीत विष कालविले होते. आम्हास हे उत्तर मान्य करता येत नाही. ज्या ग्रंथाने फसवणूक, अपमान आणि सूड यांची साखळी एवढ्या बारकाईने नोंदविली, त्यालाच शेवटी तिच्यावर पडदा टाकावासा वाटला. पूर्वकर्माच्या सिद्धान्तामुळे दीनांच्या अवस्थेची जबाबदारी समाज आणि राज्य यांच्या अंगावरून उतरते, हा बाबासाहेबांचा आक्षेप येथे तंतोतंत लागू पडतो. विष कालविले गेले होते हे खरे; पण ते याच जन्मी, कपिलवस्तूच्या संथागारात.

तोडलेली साखळी

ही साखळी अटळ नव्हती, याचा पुरावा शाक्यांच्याच इतिहासात आहे. विनयपिटकातील चुल्लवग्गात भद्दिय, अनुरुद्ध, आनंद इत्यादी शाक्यकुमार प्रव्रज्येसाठी येतात तेव्हा विनंती करतात की, आमच्याबरोबरच्या उपाली नापिताला आधी प्रव्रज्या द्यावी, म्हणजे आम्हाला त्यास वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्याभिमान गळून पडेल. एका शाक्याने वंदन चुकविण्यासाठी मुले गावाबाहेर धाडली. दुसऱ्यांनी वंदन स्वतः मागून घेतले. अनुरुद्ध हा महानामाचाच भाऊ होता. कुल एकच, रोग एकच. औषध ज्यांनी घेतले ते वाचले.

अपमानिताच्या बाजूचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्य मानलेल्या माणसांनी घेतले. त्याच दिवशी त्यांच्यावर हल्ला झाला आणि पुढे ते तळे पंचगव्याने ‘शुद्ध’ करण्यात आले. कपिलवस्तूच्या आसनाला दूध-पाणी, महाडच्या तळ्याला पंचगव्य. अपमानाची रीत जवळजवळ अडीच हजार वर्षांत फारशी बदलली नव्हती. बदलले ते उत्तर. संतप्त अनुयायांना बाबासाहेबांनी आवरले. 25 डिसेंबर 1927 रोजी विषमतेचा आधार असलेल्या मनुस्मृतीचे दहन झाले, मनुष्याचे नव्हे. आणि 1937 साली उच्च न्यायालयाचा निकाल तळ्याच्या बाजूने, म्हणजे सर्वांच्या बाजूने लागला.

विडूडभाचा संताप न्याय्य होता. तरीही त्याच्या सूडाने एकही दासी मुक्त झाली नाही. रक्ताने धुतलेले आसन कुलीनांचेच राहिले. हिंसेचा निषेध करणाऱ्याने म्हणून आधी आसन धुणाऱ्या हाताकडे पाहावे, आणि आसन धुतले गेलेल्याने अचिरवतीच्या पुराचे स्मरण ठेवावे. या दोन्ही गोष्टी एकत्र घडतील तेव्हाच वैराचा निरोध होईल, असा आमचा विश्वास आहे.